एकही फट मोकळी नाही

"अगं, लवकर ये! एक थेंब जरी खाली गेला ना, तर नाव बदलीन!" रकानासाहेब व्हरांड्यातून ओरडले.

"कुठलं? खरं, की लोकांनी ठेवलेलं?" बायकोने आतूनच विचारलं.

लोकांनी ते उगीच ठेवलं नव्हतं. कचेरीत अर्जातला एक रकाना जरी मोकळा दिसला, तरी साहेब अर्जदाराला परत पाठवत. आणि घरच्या लाकडी व्हरांड्यात तर फळीफळीमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. चक्क मोकळी! वॉटरप्रूफिंगचे तीन हात मारण्याआधी साहेबांनी पुट्टी भरून एकूण एक फट बुजवली, तेव्हा कुठे त्यांना अन्न गोड लागलं.

व्हरांडा सासऱ्यांनी बांधलेला. सासरे सुतार. जावयाच्या हाती त्यांनी आजवर साधा हातोडाही दिला नव्हता. "जावईबापू, तुम्ही आपली शिडी धरा," एवढंच. आज पाच वाजता ते काम बघायला यायचे होते. त्यांच्या तोंडून एकदा 'वा' ऐकायचं, म्हणून साहेब पहाटेपासून अस्वस्थ होते.

साडेचारला त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाण्याचे मोती झाले आणि भराभर घरंगळले. साहेब लहान मुलासारखे नाचले. मग बादली झाली.

"बादलीने काय कळतंय?" शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले. "ही आमची बागेची नळी घ्या!"

नळी आली. पाणी चढू लागलं. काठाला चार बोटं उंच पट्टी होती. तिचे सांधेही साहेबांनी सोडले नव्हते.

"बघा मास्तर! थेंब जागचा हलत नाही!"

"हलतोय की. घरात चाललाय."

उंबरठा दोनच बोटं उंच होता.

"अहो! माझी चप्पल सोफ्याखाली पोहत गेली!" आतून आवाज आला. नळी फेकून साहेब धावले, गुळगुळीत फळीवर घसरले आणि बसल्या बसल्याच दिवाणखान्यात पोचले. मास्तरांनी नळ बंद केला, तेवढ्यात पायरीशी सासरे उभे.

त्यांनी वाकून फळ्यांखाली हात फिरवला. हात कोरडा. मग वर पाहिलं.

"फटी कुठायत?"

"बुजवल्या," साहेब घरातून म्हणाले.

"अहो, पाणी जायला मुद्दाम ठेवल्या होत्या मी त्या!"

खराट्याने पाणी लोटणारी त्यांची लेक थांबली. "बाबा, वीस वर्षं तर सांगताय, लाकूड आकसलं म्हणून फटी पडल्या!"

मास्तर एकाएकी नळी गुंडाळण्यात गढून गेले. सासरे बराच वेळ खाकरले. मग त्यांनी पिशवीतून आपलं गिरमिट काढलं आणि ओलेचिंब बसलेल्या जावयाच्या हातात दिलं.

"घ्या. फळीगणिक तीन भोकं पाडा. मी बादली धरतो."

साहेबांनी गिरमिट दोन्ही हातांनी धरलं. बक्षीस मिळाल्यासारखं.

"आणि कुणी भोकांबद्दल विचारलं तर?"

"सांगायचं," सासरे हळूच म्हणाले, "मुद्दाम ठेवलीत."