जामीनदाराची पाळत

मुलीने शैक्षणिक कर्जाचा अर्ज पुढे सरकवला. फ्रिजवाल्यांनी वरची ओळ वाचली, खालचा 'जामीनदार' हा शब्द वाचला आणि मधलं सगळं सोडून कागद परत केला.

"गुन्हेगारी न्यायशास्त्र! हे शिकून करायचं काय? गुन्हे की न्याय?"

"बाबा, बुधवारी पाचच्या आत द्यायचाय. नाहीतर माझं वर्ष जाईल."

"बघू."

बाकीच्यांच्या घरी 'बघू' म्हणजे नाही. फ्रिजवाल्यांचं 'बघू' म्हणजे खरोखर उठून बघायला जाणं. तीस वर्षं बिघडलेले फ्रिज उघडून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं, की माहितीपत्रक छापणारा थापा मारतो आणि वस्तू वापरणारा खरं सांगतो. पोरगी जन्मभर हप्ते फेडत बसू नये, एवढीच त्यांना धास्ती होती. रद्दीच्या गठ्ठ्यात त्यांना एका कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक मिळालं. पोरीचं कॉलेज हेच, असं धरून त्यांनी फीचा आकडा वाचला आणि त्यांना घाम फुटला. शेवटच्या पानावर 'आमचे यशस्वी विद्यार्थी' होते. त्यातला कोटातला एक तरुण त्यांच्याच बाजारातल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात सुरक्षा अधिकारी होता.

परक्या माणसाला तोंडावर पगार विचारायचा त्यांना संकोच वाटला. मग दार न उघडता नुसत्या घरघरीवरून फ्रिजचा रोग ओळखतो, तसा याचा पगार ओळखायचा असं त्यांनी ठरवलं. तीन दिवस ते त्या दुकानात एकच शर्ट चाचपत उभे राहिले आणि खिशातल्या वहीत टिपत राहिले. 'बूट जुने, टाच नवी. डबा घरचा. सायकल. एक दहाला जेवायला जातो, एक पस्तीसला येतो. बदली माणूस नाही. मागच्या दाराला कुलूप जुनाट.' मालक चिक्कू, म्हणजे पगार बेताचाच, असा त्याचा साधा अर्थ होता.

बुधवारी दुपारी त्यांच्या खांद्यावर हात पडला.

"काका, जरा आत येता?"

आतल्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. अधिकाऱ्याने वही वाचली, पुन्हा वाचली आणि सावकाश दार लावून घेतलं.

"हे काय आहे?"

"मुलीचं शिक्षण."

"म्हणजे मुलगीही सामील आहे?"

"अहो, मी तुमचा पगार काढत होतो!"

"अच्छा! पगाराची रोकड कधी येते, तेही काढलंत?"

फ्रिजवाले जितकं खरं बोलत गेले, तितके जास्तच अडकत गेले. अधिकाऱ्याला मात्र हुरूप आला होता. सहा वर्षांत त्याच्या वाट्याला फक्त मोजेचोर आले होते. आज पहिल्यांदा पदवीचं चीज होत होतं, आणि समोरचा माणूस निर्दोष निघावा अशी त्याची अजिबात इच्छा नव्हती. शेवटी त्याने एक छापील हमीपत्र काढलं. घरच्या कोणीतरी यांची जबाबदारी घेऊन सही केली तर ठीक, नाहीतर पोलीस.

मुलगी चार वाजता आली. तिने वही वाचली आणि हसू दाबायला ओठ चावला. मग खुर्ची ओढून हमीपत्र पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं.

"वाचतेस काय? सही कर!" फ्रिजवाले म्हणाले.

"परत असं केलंत तर जबाबदारी माझ्यावर येणार. मला काय खात्री?" तिने पेनाला टोपण लावलं. "बघू."

"अगं, हा पोलिसांना बोलावतोय!"

"आणि माझे पाच वाजतायत."

फ्रिजवाले अधिकाऱ्याकडे वळले. "साहेब, पोरीसमोर खरं सांगा. तुमचं शिक्षणाचं कर्ज फिटलं?"

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. "पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्यात जातो. अजून पाच वर्षं आहेत."

"बघ!" आपण आरोपी आहोत हे विसरून फ्रिजवाल्यांनी टेबलावर थाप मारली.

"आमचं कॉलेज फार महाग हो," अधिकारी आता मोकळाच झाला. "हीच पदवी संध्याकाळच्या सरकारी कॉलेजात चौथ्या हिश्शात मिळते. आमचे मॅनेजर तिथलेच. माझ्या रजेवर सही तेच करतात."

मुलीने पिशवीतून अर्ज काढला आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. फ्रिजवाल्यांनी वाचलं. संध्याकाळचं सरकारी कॉलेज. खाली हप्ता होता. महिन्याला दोन फ्रिजमध्ये गॅस भरला की निघेल इतका.

"मग ते माहितीपत्रक?"

"म्हणून तर रद्दीत टाकलं होतं, बाबा. दिवसा मी नोकरी करणार आहे. मधलं वाचलं असतंत तर कळलं असतं."

"म्हणजे तीन दिवस मी चुकीचा माणूस बघितला?"

"असं काय बोलता काका," अधिकारी दुखावून म्हणाला.

फ्रिजवाल्यांनी पेन उचललं आणि जामीनदाराच्या रकान्यात सही केली. मग मुलीने हमीपत्रावर केली. अधिकारी उरलेले रकाने भरू लागला.

"नातं?"

"मुलगी."

"व्यवसाय?"

मुलगी अडखळली.

"विद्यार्थिनी," फ्रिजवाले म्हणाले. "आणि लिहा पटापट, पाचच्या आत पोचायचंय आम्हाला."