टेलचं पाणी आधी

नाना अंघोळीला बसण्याआधी शिट्टी वाजवतात. मग "पानी सुटतंय!" अशी आरोळी ठोकतात आणि मगच पहिला तांब्या अंगावर घेतात. साबण लावत नाहीत, कारण ते पाणी पुढे पालेभाजीला जातं.

नाना तिसगावातले आमचे शेजारी. नोकरीभर पाटकरी होते, म्हणजे पाटाची दारं उघडून शेताशेताला पाळीनं पाणी देणारे. आता त्यांचा पाट न्हाणीच्या मोरीतून निघतो. वीतभर रुंद, विटा-सिमेंटचा, परसातून थेट मागच्या भिंतीपर्यंत. वाटेत सतरंजीएवढे चार वाफे: लेट्यूस, मेथी, करडई, कांद्याची पात. प्रत्येकाला तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं दार.

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. त्यात वाढलेली मी, टँकरच्या गावात लेट्यूस लावणारा माणूस पाहून पेटलेच. जाब विचारायला गेले.

"ऊस वरीसभर पितो, पोरी," नाना म्हणाले. "ही पानं महिन्या-दीड महिन्यात ताटात. तेबी अंघोळीच्या पान्यावर. बोल आता."

मी पत्रक न काढताच घरी परतले. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

नानांच्या बायको, म्हणजे काकू, लेट्यूसला अजूनही कोबी समजतात. "आवो, ह्याचा गड्डा कधी धरायचा?"

"धरत न्हाई त्यो. पानंच खायची."

"मग बकरीला इचारा."

नाना कोणाला विचारत नाहीत. लेट्यूस, करडई, पात बारीक चिरतात, दाण्याचं कूट, मीठ, तेल घालून घोळाणा कालवतात आणि भाकरीबरोबर खातात.

खरी गंमत पाणी देण्याच्या क्रमाची. नाना सुरुवात शेवटच्या टोकापासून, पाटकऱ्यांच्या भाषेत टेलपासून, करतात. "टेल आधी!" उन्हाळ्यात पाणी तिथंच संपतं आणि न्हाणीला खेटून असलेलं लेट्यूस माना टाकतं. नाना त्यालाच सुनावतात, "थांब जरा. लई पिलाय तू."

आणि हे टोक नानांच्या परसात नाहीच. पाट भिंतीखालच्या भोकातून पलीकडे भिवाबाबांच्या अंगणात जातो. पाचवा वाफा तिथं आहे, काकूंनी जाऊन बी टाकलेला. भिवाबाबांचं रान नानांच्या चारीवर, म्हणजे पाटाच्या फाट्यावर, अगदी शेवटी होतं. दर पाळीला नाना सायकलवर जाऊन सांगत, "उद्या पानी येतंय." भिवाबाबा रानात पाण्याचे दंड घालून, फावडं घेऊन वाट बघत. वरचे लोक दारं फोडत. पाणी कधीच पोचलं नाही. भिवाबाबांनी नानांशी बोलणं टाकलं, त्याला कैक वर्षं झाली. मी असते तर त्या वरच्यांची नावं छापली असती. नानांनी भिंतीला भोक पाडलं.

"भिवा काय बोलला का गं?" ते मला दर दोन दिवसांनी विचारायचे.

एकदा मी वळसा घालून पलीकडे गेलेच. "बाबा, पाला खाता का?"

"कोन खातंय त्यो! सशाला घाला."

पण वाफ्यातली बाहेरची पानं नीट खुडलेली होती. आतली वाढायला ठेवलेली. सशाला हे जमत नाही.

"नानांना सांगू?"

"खबरदार सांगशील तर."

मी सांगितलं नाही. फार जड गेलं.

गेल्या महिन्यात नानांची लेक, जावई आणि नातवंडं आली. सात माणसं, सात अंघोळी, साबण एकालाही नाही. जावयाच्या हातातली वडी नानांनी काढून घेतली. "तुमच्या घरी गेल्यावर लावा." जावई ओल्या पंच्यात तसाच उभा. पाटाला एवढं पाणी कधीच आलं नव्हतं. मी पायरीवर बसून काकूंना मेथी निवडून देत होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"ए पाटकऱ्या! बास झालं! बंद कर पानी, चिखल झालाय समदा! मुळं कुजवतो का?"

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. नाना भिंतीजवळ गेले, शेवटच्या दाराला हात घातला, पण पत्रा त्यांच्यानं खाली सरकेना. मी जाऊन दार पाडलं. पाणी थांबलं.

"काय म्हनला गं?"

"बास झालं म्हणतायत, नाना."

ते पाटाच्या कडेलाच बसले. पंच्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग हळूच म्हणाले,

"त्याला म्हनाव, आयकू न्हाई आलं. परत एकदा सांग."