माफी मुश्किल

अरबी शिकायची गरजच नाही, हे मी कुवेतला आल्यापासून छातीठोकपणे सांगत आलोय. तारीख, वकील, हिशेब, मुश्किल... अर्धी अरबी तर आपण मराठीतच बोलतो. उगाच लोक घाबरतात. गाडी तपासणीला न्यायची तर म्हणे दहा दिनार मोजून माहितगार माणूस पाठवा. कशाला? सरकारी फी ती केवढीशी, बाकीचा सगळा दंड भित्रेपणाचा.

माझ्या जुन्या गाडीच्या नोंदणीची मुदत त्या दिवशी संपत होती. आणि त्याच दिवशी चार वाजता बायको, चारुशीला, पहिल्यांदा कुवेतला उतरणार होती. तिला स्वतःच्या गाडीतून घरी न्यायचं मी सहा महिने फोनवर कबूल करत होतो. म्हणून सकाळी सातलाच तपासणी केंद्रावर एकटा हजर.

तिथला तपासनीस म्हणजे काय माणूस सांगू! बॉनेटला कान लावला, गाडीखाली असा बघत राहिला की माझ्याही पोटातलं त्याला दिसत असावं. मी सावधान उभा. मग हात झटकून म्हणाला, "माफी मुश्किल."

एवढा मोठा गुन्हा? मी हात जोडले. "साहेब, एक चान्स. वाइफ. एअरपोर्ट."

"माफी मुश्किल," म्हणत त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीशेजारी बाहेरचा दरवाजा होता. मी समजायचं ते समजलो.

गॅरेज गाठलं. चार नवे टायर आणि दुकानातले सगळ्यात प्रखर दिवे. नव्वद दिनार. दुपारी परत. दिवे लावले तर भिंत पांढरीफटक पडली आणि तपासनीसाने डोळे झाकले.

"फी मुश्किल."

सुटलो. माफी मिळाली, आता फक्त फीचं अडलं होतं. मी वीस दिनार त्याच्या हातात ठेवले. त्याने नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या शांतपणे संतापलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. घाबरून शेजारच्या वाजिदभाईला फोन लावला. मूळचा रत्नागिरीचा, वीस वर्षं इथे मासळीची व्हॅन चालवतो. तो आला, सगळं ऐकलं, कपाळ धरलं.

"शैलेश, अरे 'माफी' म्हणजे 'नाही'. प्रॉब्लेम नाही म्हणाला तो. सकाळीच पास होतास. खिडकीवर कागद घ्यायचा होता."

"आणि फी?"

"'फी' म्हणजे 'आहे'. ह्या सर्चलाइटपायी नापास केलंय तुला. त्यावर तू लाच दिलीस."

तपासनीसाने नोटांची घडी घालून माझ्या खिशात ठेवली, वरून बटण लावलं आणि वाजिदभाईशी दोन वाक्यं बोलला.

"काय म्हणतोय?"

"जुने दिवे लावून उद्या आण, गाडी पास. पण हा माणूस रस्त्यावर सोडायच्या लायकीचा नाही म्हणतो. बाईंना आणायला मी जायचंय."

खोटं कशाला बोलू, मी थक्क झालो. चारुशीलाला जे कळायला चार वर्षं लागली, ते त्याने एका सकाळ-दुपारीत ओळखलं. ती व्हॅनमध्ये पुढे बसून घरी आली. मी मागे, सुरमईच्या खोक्यावर.