कनू की कयाक?

गेल्या रविवारी दुपारी मी मोघे काकांच्या लाउंजमध्ये लॅब्रेडॉर झालो होतो.

थट्टा नाही. इथे इंग्लंडमध्ये, रीडिंग गावात, काकांचं आणि आमचं घर एका भिंतीला लागून आहे, त्यामुळे पळून पळून पळणार तरी कुठे? काकांनी कार्पेटवर मास्किंग टेपने होडी आखली होती. मागच्या स्टुलावर ते स्वतः, हातात वल्हं म्हणून लांब दांड्याचा ब्रश. पुढचं स्टूल रिकामं. मध्ये बाथरूममधून आणलेली प्लास्टिकची बदकं, आणि त्यांच्या शेजारी मी, गुडघे नि हात टेकून.

"हलू नकोस रे समीर," काका ओरडले. "कुत्रा हलला की कनू उलटते!"

बदकांच्या शिकारीला जायचं तर कनू न्यावी की कयाक, हा काकांचा प्रश्न आहे. काकू गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हापासून तो चालू आहे, आणि माझ्या पदरी का पडलाय हे देवाला ठाऊक. कनू म्हणजे उघडी, ऐसपैस होडी. दोन माणसं, कुत्रा, बंदूक, थर्मास, सगळं मावतं. कयाक निमुळती, वरून झाकलेली. पाय आत सरकवून एकट्याने बसायचं, पण लव्हाळ्यात ती आवाज न करता शिरते. हा वाद मी इतका ऐकलाय, की झोपेतसुद्धा दोन्ही बाजू मांडतो, असं मीनल, माझी बायको, सांगते.

आता गंमत ऐका. हे भावी शिकारी केकमध्ये अंडं असलं तर तोंडात घालत नाहीत. घरात कोळी निघाला तर त्याच्यावर ग्लास पालथा घालून, खालून पोस्टकार्ड सरकवून, "जा बाबा, सुखी राहा," म्हणत त्याला बागेत सोडतात. रोज सकाळी केनेट नदीवर बदकांना मटार घालायला जातात. पावाने त्यांची पोटं बिघडतात म्हणून मटार, तेही फ्रोझन नाही, बर्फ उतरवून मऊ केलेले. काकांकडे ना बंदूक, ना बंदुकीचं लायसन्स.

"काका, तुम्ही मारणार काय? माश्या?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मुद्दा तो नाही," काका म्हणाले.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. तुम्ही काहीही बोला, मुद्दा तो नसतो. तुम्हाला पोहता येत नाही, काका. मुद्दा तो नाही. (लगेच स्विमिंगच्या क्लासला नाव घातलं. तिथे पोरासोरांबरोबर फोमच्या काठीला लटकून पाय मारायला शिकले.) होडी ठेवणार कुठे? मुद्दा तो नाही. मग मुद्दा आहे तरी काय, असं विचारलं की म्हणतात, "कनू की कयाक?"

होड्यांच्या दुकानातला माणूस आम्हाला बघितलं की जेवायला जातो, मग सकाळचे दहा का वाजले असेनात. बिचाऱ्याचा काय दोष? एकदा काका कयाकमध्ये बसले ते निघेचनात. मी काखेत हात घालून वरून ओढतोय, तो कयाक खाली दाबून धरतोय, आणि मध्ये अडकलेले काका शांतपणे त्याला विचारतायत, "अँड हाऊ डज इट बिहेव विथ अ डॉग?" दर दसऱ्याला मुहूर्ताची खरेदी म्हणून गाडीत कुंकू आणि नारळ घेऊन आम्ही तिथे जातो. दर दसऱ्याला नारळ न फुटता परत येतो आणि मीनल त्याची चटणी करते.

तर त्या रविवारी माझे गुडघे बोलायला लागले. मी उठलो आणि पुढच्या रिकाम्या स्टुलावर जाऊन बसलो.

"काका, बस झालं. आज ठरवा. कनू घ्या, मोठी आहे."

"कनूत दोन माणसं लागतात."

"मग कयाक घ्या!"

"कयाकमध्ये एकट्यानेच जावं लागतं," असं म्हणून काका ब्रशचे केस चाचपत बसले. 'मुद्दा तो नाही' म्हणाले नाहीत. 

मग हळूहळू बाहेर आलं. निनाद, काकांचा एकुलता मुलगा, कार्डिफला असतो. जन्मला, वाढला इथेच. बायको वेल्श, आणि सासरे बदकांच्या शिकारीचे शौकीन. काकू गेल्यानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला काका त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी होडीतून शिकारीला निघायला सासरे-जावई बूट चढवत होते, तेव्हा निनादने विचारलं, बाबा, येतोस का?

"मग?"

"मग काय? नको रे, तुम्ही जा, म्हटलं."

"का?"

"का म्हणजे?" काका माझ्यावरच उखडले. "कुणी विचारलं की लगेच हो म्हणायचं? रीतभात आहे की नाही काही? एकदा नको म्हणायचं असतं. समोरच्याने आग्रह करायचा असतो. अरे, मी शर्टाच्या आत थर्मल घालून बसलो होतो!"

"आणि निनाद?"

"'ओके, नो वरीज' म्हणाला आणि गेला. पुन्हा कधी विचारलं नाही."

मला आधी हसायला आलं. काकू असत्या, तर दारातच म्हणाल्या असत्या, "निनाद, परत विचार, त्यांना यायचंय." बापलेकांमधला हा दुभाषा गेला, आणि एका साध्या 'नको'वर दोघंही अडून राहिले. हा माणूस माझ्या गुडघ्यांची वाट लावत बसला, पण पोराला एक फोन करवेना.

"मग आता तुम्ही विचारा."

"बाप होऊन मी विचारू?"

माझा संयम तिथे संपला. मी माझ्याच फोनवरून निनादला लावला, स्पीकरवर टाकला आणि काकांसमोर धरला. काकांनी मला डोळ्यांनी जाळलं.

"हं, निनाद. बाबा बोलतोय. एक टेक्निकल शंका होती. शिकारीला कनू बरी की कयाक?"

"डिपेंड्स, बाबा. कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"पण तू तर नको म्हणाला होतास. मला वाटलं, तुला ते आवडत नाही. बर्ड्स मारणं वगैरे."

काकांनी ब्रशने एक कलंडलेलं बदक सरळ केलं.

"अरे," ते म्हणाले, "ते पहिलं नको होतं."

मग निनादने जपून विचारलं, "म्हणजे... हाऊ मेनी आर देअर?"

"तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं असतं. तुझ्या आईला विचार," काका बोलून गेले आणि थांबले.

निनाद बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"ओके. बाबा, येतोस का?"

"नको रे, उगीच तुम्हाला माझी अडचण..."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा, येतोस का?"

काकांनी ब्रश मांडीवर ठेवला आणि फोन माझ्या हातातून स्वतःकडे घेतला.

"बाबा. येतोस का?"

"येतो," काका म्हणाले.

फोन बंद झाला. काकांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, ब्रश नीट हातात धरला आणि समोर पाहिलं. स्टुलावर मी होतो.

"ऊठ तिथून," ते माझ्यावर खेकसले. "ती निनादची जागा आहे."