अण्णांचा पाहुणा कॅमेरा

राजाजीनगरच्या श्रीपादअण्णांच्या संगणकाला नवीन काही जोडायचं, तर आधी त्याची ओळख करून द्यावी लागे. "हा माऊस. गरीब आहे, स्वल्प खातो," असं ते पडद्याकडे बघून सांगत आणि मगच वायर खोचत.

अण्णा मूळचे निपाणीचे. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. संगणकाला हात लावायलाही बिचकायचो. यूएसबी तेव्हा नुकतंच आलं होतं. अण्णा समजावत, की जोडलेलं यंत्र आधी आपलं नाव सांगतं, तोवर त्याला शंभर मिलिअँपियर मिळतात. मग ते जास्त मागतं, फार तर पाचशे. "न मागता ओढतो तो आमचा मेव्हणा," ते म्हणत. आता कुठेही मोबाइल चार्जिंगला लावताना मला अण्णा आठवतात.

त्या वर्षी अक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्या. अमेरिकेतल्या त्यांच्या मुलीला, उमाला, बाबा एकटे कसे राहतात ते डोळ्यांनी बघायचं होतं. तिने कॅमेरा पाठवला. रविवारी सकाळी ती पडद्यावर येणार होती, आणि नेमका कॅमेरा चालेना. वीज पुरत नाही, असं संगणक सांगत होता. अण्णांनी माऊस काढून पाहिला, कॅमेऱ्याची पुन्हा ओळख करून दिली.

मी चाचरत म्हणालो, "अण्णा, हा समोरच्या हबमध्ये, या जोडपट्टीत, लावलाय. हबला स्वतःची वीज नाही. ते संगणकाकडून घेतं आणि प्रत्येकाला शंभरच वाढतं. याला जास्त लागतात. थेट संगणकाच्या मागे लावू या?"

अण्णा दुखावले. "पहिल्यांदा आलेला पाहुणा तो. त्याला मागच्या दाराने घ्यायचं?"

ते घड्याळाकडे बघत राहिले. शेवटी कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले, आणि आम्ही दोघांनी टेबल भिंतीपासून ओढलं.

उमा दिसली, अडखळत, तुकड्यातुकड्यांनी. बाबा किती वाळलेत, म्हणाली. घर बंद करून इकडेच चला, म्हणाली.

अण्णांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. "एकटा कुठं आहे मी? हा असतो की रोज जेवायला. विचार त्याला."

त्यांच्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. "अण्णा आमटी छान करतात," मी म्हणालो. उमा हसली. घर बंद करायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

संगणक बंद झाल्यावर अण्णा काळ्या पडद्यासमोरून उठले. मग आत गेले. डबे उघडल्याचे आवाज आले.

"काय रे," त्यांनी आतून विचारलं, "आमटीत गूळ चालतो का तुला?"