धाकटं नाक

सोमवारी सकाळी गाडीत बसता बसता बायको म्हणाली, "शी! मासळीचा वास कसला येतोय?"

परीक्षकाने नाक वर केले, डोळे मिटले, तीन मोजेपर्यंत श्वास आत घेतला आणि म्हणाला, "हं."

हा "हं" त्याने कारखान्यातल्या थोरल्या साहेबांकडून उचलला होता. त्यात पसंती, नापसंती, अनुभव, सगळे मावत असे. आज मात्र त्यात काहीच नव्हते, कारण परीक्षकाला कसलाच वास आला नव्हता. सोमवारीच नव्हे, गेल्या एकसष्ट दिवसांत आला नव्हता.

तो साबणाच्या कारखान्यात वास तपासण्याच्या कामावर होता. एक साधी सर्दी झाली, चौथ्या दिवशी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले होते, "येईल परत. किंवा नाही येणार. वाट बघायची." तेव्हापासून त्याच्या खिशात लवंगेच्या तेलाची एक छोटी बाटली असे. रोज सकाळी दात घासल्यावर तो बूच काढून हुंगे, आणि वहीत तारखेपुढे शून्य लिही.

हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते. हात गेलेल्या गवंड्याला कोण विटा देणार? बायकोला तर मुळीच नाही. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि नऊही वर्षे तो उंबऱ्यात उभा राहून वासांची यादी वाचत आला होता. "दूध करपलंय. हा टॉवेल कालचा ओला आहे. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंत रंगवतंय." आता तो गुपचूप आत येई आणि जेवायला बसे. बायको हल्ली काम करता करता गुणगुणत असे. त्याचे कारण काय असावे, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

"हं काय? कसला वास आहे ते सांगा ना."

"मासळी नाही ही."

"मग?"

"गाडीचा वास आहे. गाड्यांना असतो."

असे म्हणून त्याने वळण्यासाठी डावा इंडिकेटर दिला. इंडिकेटर लागला नाही. समोरच्या कोरड्या काचेवरून वायपर एकदा खरवडत गेला आणि परत येऊन थांबला.

"हेही गाड्यांना असतं का?" बायकोने विचारले.

परीक्षकाने दोषांची नोंद सुरू केली. डावा इंडिकेटर दिला की वायपर. ब्रेक दाबला की रेडिओ बंद. गाडी मागे घेतली की आतला दिवा. वासाचा रकाना मात्र दुसऱ्याच्या नाकानेच भरता येणार होता. त्याने तो पॅकिंग विभागातल्या बाईंना विचारून भरायचे ठरवले. त्या रोज त्याच्याच गाडीतून कारखान्यात येत.

"बाई, गाडीत कसला वास येतोय, सांगा बरं."

बाई सावरून बसल्या. कारखान्यात थोरल्या साहेबांना थोरलं नाक आणि परीक्षकाला धाकटं नाक म्हणत. धाकट्या नाकाने वास ओळखायला सांगणे म्हणजे परीक्षाच. "सुरुवातीला गोडसर आहे, साहेब," त्या विचारपूर्वक म्हणाल्या. "मग जरा मऊ होतो. आणि शेवटी लिंबाची साल."

"मासळी नाही ना?"

"छे छे! तुमच्या गाडीत मासळी कशी असेल?"

बाईंनी उरलेला रस्ता डोके खिडकीबाहेर काढून पार केला. पण परीक्षकाने ते वहीत लिहिले नाही. त्याने "गोडसर" लिहिले.

गॅरेजवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. त्याने वायपरची गोष्ट ऐकली आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, वास सांगा, मी रोग सांगतो. गोड असेल तर इंजिनाचं पाणी गळतंय. कुजक्या अंड्याचा असेल तर बॅटरी. मासळीचा असेल तर वायरिंग."

"तुम्हीच घ्या की वास."

"माझं नाक गेलंय. तीस वर्षं पेट्रोल, ऑइल आणि धूर. मला आता काऽही येत नाही," वस्ताद चहाचा घोट घेत म्हणाला. "म्हणून गिऱ्हाइकाचं नाक वापरतो."

परीक्षक त्याच्याकडे बघत राहिला. नाक गेलंय, हे वाक्य माणूस इतक्या आरामात, चहा पिता पिता म्हणू शकतो, हे त्याला माहीत नव्हते.

"तुम्ही तर नाकाचाच पगार घेता," वस्ताद म्हणाला. "बोला."

"गोडसर."

वस्तादने पाण्याचा पाइप बदलला. तो बदलताना त्याचे कोपर कुठल्याशा वायरला लागले असावे, कारण संध्याकाळपासून गाडी उजवीकडे वळली की हॉर्न वाजू लागला. पहिले उजवे वळण दवाखान्याच्या दारातले होते. तिथला रखवालदार छातीवर हात ठेवून स्टुलावरून उठला.

"वास कमी झाला का?" दुसऱ्या दिवशी वस्तादने विचारले.

"पुष्कळच. पण हा हॉर्न..."

"मग हा वेगळा रोग. याला कसला वास आहे?"

आता यादीत दोनच वास उरले होते. मासळी म्हणायचे तर बायको पहिल्या दिवसापासून बरोबर होती आणि धाकटं नाक चूक होते. "कुजकं अंडं," परीक्षक म्हणाला.

वस्तादने नवी बॅटरी बसवली. ताज्या दमाच्या बॅटरीवर सगळे दोष आणखी जोमाने चालू लागले. शुक्रवारी बायकोने गाडीचे दार उघडले, आत डोकावली आणि परत लावून घेतले. "तुमचं नाक मोठं आहे, पण माझं पोट नाजूक आहे. मी बसने जाते."

त्याच दिवशी थोरल्या साहेबांनी त्याला बोलावले. वास-खोली चारी बाजूंनी पांढरी होती. आत पंखा नव्हता, फक्त एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. रोज अकरा वाजता दोघे तिथे बसत, नमुन्यांत बुडवलेल्या टिपकागदाच्या पट्ट्या नाकाशी धरत आणि आपापल्या कागदावर पास किंवा नापास लिहीत. गेले दोन महिने परीक्षक पट्टी हुंगण्याचे नाटक करून थोरल्या साहेबांच्या कपाळाकडे बघत असे. कपाळावर आठी पडली तर नापास लिहायचे, असे त्याने ठरवले होते. आठी एकदाही पडली नव्हती. पूर्वी शंभरात सात-आठ नमुने नापास होत. आता एकही होत नव्हता. कच्चा माल सुधारला असेल, असा निष्कर्ष त्याने काढला होता.

"मुख्य कचेरीचं पत्र आलंय," थोरले साहेब म्हणाले. "दोन महिने शून्य नापास, म्हणून अभिनंदन. सोमवारी बोलावलंय दोघांना. नव्या साबणासाठी तीन वास आहेत, त्यातला एक निवडायचा. पण दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवणार म्हणे."

"वेगवेगळ्या?" परीक्षकाने विचारले. समोर कपाळ नसणार होते. नोकरी जायला एवढे पुरेसे होते.

"मलाही नाही आवडलं ते," थोरले साहेब कसनुसे म्हणाले. "तुझ्या गाडीने जाऊ. मी चालवणं सोडलंय."

सोमवारी थोरले साहेब त्या तीन वासांच्या नमुन्यांची पेटी मांडीवर घेऊन पुढे बसले. परीक्षकाने त्यांच्या कपाळाकडे पाहिले. आठी नव्हती. थोरले साहेबही मध्येमध्ये त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. वास गेला असावा, असे मानून परीक्षकाने गाडी मोठ्या रस्त्याला घेतली.

पहिल्या चौकात शेजारच्या गाडीच्या काचा भराभर वर गेल्या. दुसऱ्या चौकात एका स्कूटरवाल्याने नाकाला रुमाल बांधला. परीक्षकाने कपाळ पाहिले. कपाळ स्वच्छ होते.

"छान ठेवली आहेस गाडी," थोरले साहेब म्हणाले.

तिसऱ्या चौकात हवालदाराने काचेवर थाप मारली. "अहो, उतरा! गाडी जळतेय तुमची! मागच्या चौकापासून वास येतोय मला!"

डॅशबोर्डाखालून धुराची एक बारीक, निळसर रेघ वर येत होती. दोघे धडपडत बाहेर पडले. हवालदाराने बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली, वाळू टाकली आणि मग दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "शेजारी बसून कळलं नाही? दोघांनाही सर्दी झालीय की काय?"

थोरले साहेब पेटी मांडीवर घेऊन रस्त्याच्या कठड्यावर बसले. परीक्षक शेजारी बसला. थोरले साहेब समोर बघतच म्हणाले, "किती दिवस?"

"अडुसष्ट," परीक्षक म्हणाला. "तुमचे, सर?"

"अकरा वर्षं होतील."

"पण मला तर तुम्हीच शिकवलंत."

"आठवणीतून. तुला कामावर घेतलं ते नाकासाठी, आणि त्याहून जास्त चेहऱ्यासाठी. वाईट वास आला की तुझी उजवी भुवई हलायची. भुवई हलली की मी नापास लिहायचो."

"सर, पण दोन महिने मी तुमची आठी बघतोय."

हिशेब फार सोपा होता.

"म्हणजे दोन महिने कारखान्यात वास कुणीच घेतला नाही," परीक्षक म्हणाला.

"नाही."

"तक्रार आली का एखादी?"

"एकही नाही." थोरल्या साहेबांनी खिशातले अभिनंदनाचे पत्र चाचपले. "तेच वाईट वाटतं रे."

परीक्षकाने नकळत बाटली बाहेर काढली होती. थोरल्या साहेबांनी तिच्याकडे पाहिले.

"लवंग? मी पुदिना बाळगायचो. पहिली तीन वर्षं."

परीक्षकाने वस्तादला फोन करून "मासळी" एवढेच सांगितले. "मग वायरिंग!" वस्ताद ओरडला. "अर्थिंग सुटलं असणार. वीज वाट मिळेल तिकडे जाते, म्हणून वायपर. पहिल्याच दिवशी बोलला असता तर पाच मिनिटांचं काम होतं!"

फोन ठेवल्यावर परीक्षकाला वस्तादचे चहा पिता पिता बोललेले वाक्य आठवले. तो उठला आणि पेटी उघडून हवालदारापुढे धरली. "एक काम कराल? या तिघांचा वास घेऊन सांगा, कुठला बरा."

हवालदाराने संशयाने एकेक बाटली नाकाशी नेली. "हा पहिला दवाखान्यासारखा. तिसरा आमच्या सासूबाईंसारखा. दुसरा बरा आहे. जळक्या गाडीपेक्षा तर फारच बरा."

टॅक्सीने दोघे मुख्य कचेरीत पोहोचले. दोन खोल्यांतल्या दोन कागदांवर एकच आकडा निघाला. मालक म्हणाले, नाकं असावीत तर अशी. दोघांची नोकरी टिकली. परतताना दोघांनी एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहायचे टाळले.

संध्याकाळी बायकोने दार उघडले आणि नाकाला पदर लावला. "कपड्यांना पण मासळी! आता यावर काय म्हणणं आहे तुमचं?"

"असेल," परीक्षक उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला. "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. कसलाच. ती सर्दी झाली होती ना, तेव्हापासून. दोन महिने झाले."

बायको दाराशेजारच्या खुर्चीवर बसली. आत दूध करपत असावे, कारण तिची मान एकदा स्वयंपाकघराकडे वळली. पण ती उठली नाही.

"दोन महिने," ती हळूच म्हणाली. "तरीच एका शब्दाने बोलला नाहीत. ना दुधावरून, ना टॉवेलावरून." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. "मी आईला फोन करून सांगितलं हो, माणूस सुधारला म्हणून. आता तिला काय सांगू?"