दाब म्हटलं की दाब

"ज्या माणसाने सरकारी कचेरीतले बावीस टाइपरायटर एकट्याने जिवंत ठेवले, त्याला गाडीचे ब्रेक म्हणजे काय हो!" असं सहादू पगारे जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, आणि तिथेच सगळं बिघडलं. गाडी नंतर बिघडली.

पगारेकाकांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. गाडी तर त्यांच्याही आधीच निवृत्त व्हायला हवी होती. तेवीस वर्षांची, रंगाने पांढरी, म्हणून घरात तिचं नावच पांढरी! गोठ्यातल्या गाईबद्दल बोलावं तसं सगळे तिच्याबद्दल बोलायचे. "पांढरी आज उठेना." "पांढरी द्वारका चौकात बसली." पुण्याला नोकरी करणारी मुलगी संजना फोनवर आधी आईची तब्येत विचारायची, मग पांढरीची. वडिलांचा नंबर तिसरा.

महिनाभरापासून पांढरीचे ब्रेक नरम झाले होते. पेडल दाबलं की पाय भिजलेल्या उशीत जावा तसा आत जायचा, आणि गाडी 'विचार करून सांगते' म्हणत थांबायची. गॅरेजवाला म्हणाला, दोन दिवस ठेवून जा. काकांना तो अपमान वाटला. त्यांनी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, त्यातला एक तर चक्क तमिळमधला, आणि निदान जाहीर केलं.

"पाइपात हवा शिरलीये. ती काढायची. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करून हवा बाहेर सोडायची, नट आवळायचा, मग पेडल सोडायचं. झालं! दोन माणसांचं काम."

"दुसरं माणूस कोण?" मेथी निवडता निवडता विमलाबाईंनी विचारलं.

"तू!"

"आणि डोकं कोणाचं?"

"डोकं माझं. तू फक्त दाब म्हटलं की दाब, सोड म्हटलं की सोड."

तेहतीस वर्षांच्या संसारात विमलाबाई पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. गाडी शिकायचं त्यांनी दोनदा काढलं होतं. दोन्ही वेळा 'क्लच नाजूक आहे' असं उत्तर मिळालं होतं. आज त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, पदर खोचला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि आरसा नीट केला. त्यात त्यांनी तोंड नाही पाहिलं, मागचा रस्ता पाहिला.

त्यांच्या दारापासून कॉलनीचा रस्ता उतरत उतरत थेट बुद्धविहारापर्यंत जातो. उताराच्या डाव्या अंगाला कमळाबाई आणि आणखी दोन म्हाताऱ्या चटया टाकून उन्हाला बसल्या होत्या. उजव्या अंगाला कॉलनीचे अध्यक्ष संतोष केदारे यांची नवी कोरी स्कूटर, हँडलवर झेंडूचा हार अजून ताजा! आणि तिच्या शेजारी दिंडोरीकडून भाजी घेऊन येणाऱ्या बारकूची हातगाडी.

"दाब!"

"दाबलं!"

"सोड!"

"सोडलं!"

कवायतच सुरू झाली. अर्ध्या तासात सगळी कॉलनी गॅलरीत आली. वरच्या मजल्यावरच्या चैतालीने वाकून विचारलं, "काकू, चाललंय काय?"

"काकांची हवा काढतेय!" विमलाबाई आतून ओरडल्या, आणि अख्खी कॉलनी हसली.

काकांना ते झोंबलं. झोंबलं म्हणून घाई झाली. मागची दोन्ही चाकं उरकली होती. त्यांनी जॅक उतरवला, गाडी चारही चाकांवर आली, आणि ते पुढच्या चाकापाशी जाऊन बसले. बसले कशावर? दगडावर. गुडघे दुखतात म्हणून चाकाला लावलेला दगड त्यांनीच मघाशी काढून घेतला होता! हँडब्रेकची केबलही त्यांनीच सकाळी काढली होती. जाम झालेली ती केबल घमेल्यात डिझेल पीत पडली होती. म्हणजे आता अख्खी पांढरी उभी होती विमलाबाईंच्या उजव्या पायावर.

काकांनी नट सैल केला, बुडबुडे आले, तेल आलं. नट आवळायच्या आधीच ते ओरडले, "सोड!"

"अहो, नक्की सोडू? गाडी पुढे ओढतेय असं वाटतंय."

"डोकं कोणाचं ठरलंय? सोड म्हटलं की सोड!"

विमलाबाईंनी सोडलं.

पांढरी निघाली! काका दगडावरून मागे कोलमडले. विमलाबाईंनी लगेच पेडल दाबलं, ते जमिनीला टेकलं, आणि उघड्या नटातून तेलाची चिळकांडी काकांच्या बनियनवर आली. विमलाबाईंनी हँडब्रेक ओढला, तो छत्रीच्या दांड्यासारखा नुसताच वर आला. काका उठून मागून धावत सुटले, एका पायात चप्पल, हातात पाना.

"दाब! अगं दाब! दाऽऽब!"

गाडी डावीकडे, म्हाताऱ्यांच्या चटयांकडे सरकायला लागली. काकांनी मागून गाडीच्या आरशात स्वच्छ पाहिलं. विमलाबाई किंचाळल्या नाहीत, डोळे मिटले नाहीत. अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. कमळाबाईंच्या चटईपासून हातभर अंतरावरून पांढरी वळली, अध्यक्षांची स्कूटर तिने हारासकट आडवी केली, आणि बारकूच्या हातगाडीला टेकून एकदाची थांबली. फ्लॉवरचे गड्डे घरंगळत विहाराच्या पायरीपर्यंत गेले.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण गर्दी अशी जमली की जणू विमान पडलंय!

"काका, झालं काय हे?" संतोष केदारे स्कूटरकडे बघत म्हणाले.

काकांची नजर वर दारापाशी गेली. तिथे तो दगड होता. घमेलं होतं. घमेल्यातून केबलचं टोक बाहेर डोकावत होतं. फक्त तीन शब्दांचं काम होतं, चूक माझी आहे. पण चाळीस माणसं बघत होती, बनियन तेलाने भिजलेलं होतं, आणि मघाचं ते हसू कानातून जात नव्हतं. तोंडातून निघालं भलतंच.

"सांगत होतो ना दाब म्हणून! पण बाईमाणूस. घाबरली, दुसरं काय!"

"हो हो, आम्ही ऐकलं ना," चारजण एकदम म्हणाले. "काका बिचारे ओरडत होते दाब दाब!"

"मेलो असतो गं बायांनो आज!" कमळाबाईंनी छातीला हात लावला. "येत नाही तर बसावं कशाला गाडीत?"

विमलाबाईंनी नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. मग खाली वाकून बारकूसोबत फ्लॉवर गोळा करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी भरलेली होती.

"देवळ्याला लंकाकडे चाललेय. कांद्याची लागण आहे, माणसं कमी पडतायत."

"परत कधी?"

"लागण झाली की."

"किती दिवस चालते लागण?"

"रान किती आहे त्यावर," असं म्हणून त्या एसटीने बहिणीकडे गेल्या.

तीन दिवस काकांनी खिचडी खाल्ली. पहिल्या दिवशी कच्ची, दुसऱ्या दिवशी करपलेली, तिसऱ्या दिवशी दोन्ही! चौथ्या दिवशी संजनाचा फोन आला.

"बाबा, आई म्हणाली, तीच घाबरली आणि पाय सुटला. तिला रागावू नका हं."

"आई असं म्हणाली? तुला?"

"हो. का?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि फोन ठेवून घमेल्यापाशी जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईने पोटच्या पोरीसमोरसुद्धा त्यांची अब्रू झाकली होती.

त्यांनी केबल पुसली, बसवली. चाकाला एक सोडून तीन दगड लावले. पण हवा काढायला दुसरा माणूस कुठून आणायचा? अध्यक्षांना विचारायची सोय नव्हती. शेवटी बारकूला हाक मारली.

"दाबतो काका," बारकू आत बसत म्हणाला, "पण मागून माझं नाव नका घेऊ!"

काकांचा हात थांबला. "म्हणजे?"

"मी समोरच उभा हुतो ना. काकूंनी गाडी वळवली म्हनून म्हाताऱ्या हायेत आज. लय मोठं काम केलं काकूंनी."

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

"तुमी नाय बोलले, मी कोन बोलनार?"

काका गाडीखाली तोंड लपवून कामाला लागले. एकेक चाक, एकेक नट, न चिडता, न ओरडता. दुपारपर्यंत पेडल अर्ध्यावर येऊन असं घट्ट उभं राहिलं, की काकांच्या अंगावर काटाच आला! स्वतः आत बसून दाबल्यावर तळव्याला तो टणकपणा लागला आणि ते हरखून घराकडे वळून ओरडले, "विमल, बघ गं! लागले!"

दार उघडं होतं, पण आत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते देवळ्याला निघाले. सोग्रस फाट्याला वळले, भावडबारीचा घाट उतरले. प्रत्येक वळणावर पांढरी शहाण्या गाईसारखी थांबली. जन्मात एवढी चांगली दुरुस्ती त्यांच्या हातून झाली नव्हती, आणि शेजारची जागा मोकळी होती.

"या दाजी!" लंकाबाई मळ्याच्या बांधावर उभी होती. "एकलेच? ताई तिकडे वाफ्यात शे. जा, पन रोपांवर पाय नका देऊ!"

विमलाबाई चिखलात वाकून रोपं लावत होत्या. काकांनी वाटेत जे काय पाठ केलं होतं, ते सगळं विसरून गेलं.

"विमल, दगड मी काढला होता. केबलही मीच. तू विचारलंस, तरी मी सोड म्हटलं. चूक माझी आहे."

विमलाबाईंनी हातातली रोपं संपवली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"हे मला का सांगताय? मला माहीतच आहे. बोललात चाळीस माणसांत, आणि माफी कांद्याच्या वाफ्यात?"

"चल," काका म्हणाले, "सगळ्यांसमोर सांगतो."

रविवारी विहारात वंदना झाली. लोक उठायच्या आत काका उभे राहिले.

"जय भीम. मला एक सांगायचंय. त्या दिवशी गाडी गेली ती विमलमुळे नाही. चूक माझी आहे. मी दगड काढला होता, हँडब्रेक काढला होता. उलट हिने गाडी वळवली, म्हणून कमळाबाई वाचल्या."

काकांना वाटलं, सुटलो! आणि तेवढ्यात संतोष केदारेंनी डोळे पुसले.

"याला म्हणतात नवरा! बायकोची चूक कशी अंगावर घेतली माणसाने, बघा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो नाही! खरंच माझी चूक!" काका ओरडले.

"बघा, बघा! अजून झाकतायत!" चैतालीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "शिक काहीतरी!"

"केबल घमेल्यात होती हो! बारकूला विचारा!"

बारकू दिंडोरीला गेलेला होता. कमळाबाई उठल्या आणि त्यांनी विमलाबाईंच्या गालावरून हात फिरवला. "नशीब काढलंस गं पोरी. जप त्याला. आणि आता त्या गाडीत नको बसू."

काका जितके तळमळून सांगत होते, तितके मोठे होत होते. त्या दिवशी एक वाक्य बोलायला त्यांना पळभरही वेळ लागला नव्हता. ते खोडायला आज अख्खी सकाळ पुरेना. विमलाबाई खाली मान घालून बसल्या होत्या, आणि त्यांचे खांदे हलतायत ते हसण्याने की कशाने, हे काकांना मागून कळेना.

संध्याकाळी काकांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "चल, आजपासून शिक. क्लच मेला तरी चालेल."

विमलाबाईंनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं मात्र, तीन म्हाताऱ्यांनी चटया गुंडाळल्या, अध्यक्ष धावत जाऊन स्कूटर आत घेऊन गेले, आणि कुणीतरी गॅलरीतून हाक दिली, "काका, सांभाळून हो! काकू बसल्यात!" विमलाबाईंनी दार हळूच लावलं, किल्ली परत दिली आणि त्या घरात गेल्या.

आणि मग आला आठ मार्च. कॉलनीने महिला दिनाला 'आदर्श पती' म्हणून सहादू पगारे यांचा शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार केला. पहिल्या रांगेत विमलाबाईंना बसवलं होतं. काकांनी माइक हातात घेतला, सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगितलं, दगडासकट. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी शाल काढून बायकोसमोर धरली. "ही तुझी आहे. आता पुढच्या रविवारी मी परत एकदा..."

"नका हो, पाया पडते!" विमलाबाई म्हणाल्या. "अजून एकदा माफी मागितलीत ना, तर लोक तुम्हाला नगरसेवक करतील."